एकट्याने वेळ घालवायला शिकताना: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

“रविवारी सगळे लग्नाला गेले होते. अख्खं घर रिकामं. म्हटलं, आजचा दिवस आपला. आणि संध्याकाळी बघते तर दिवसभर मोबाइल झाला आणि वर डोकं दुखतंय.” थोड्याफार फरकाने हेच मी इतक्या बायकांकडून, आणि पुरुषांकडूनही, ऐकलंय की आता एकदा क्रमवार लिहूनच काढते.

चूक बहुतेकांची एकाच ठिकाणी होते. एकटं बसल्यावर सुरुवातीची वीस-पंचवीस मिनिटं वाईट जातात. डोकं भणभणतं, राहिलेली कामं आठवतात, उगाच तहान लागते. नेमके तेव्हाच आपण उठतो आणि वर ठरवून टाकतो की आपल्याला एकटं राहणं जमत नाही. लहानपणी पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी यायचं. आई हंड्यात तुरटी फिरवायची आणि हंडा कोपऱ्यात ठेवून द्यायची. मध्येच कोणी तांब्या बुडवला की ओरडायची, कारण बसायला लागलेला गाळ पुन्हा वर यायचा. पाणी निवळायला काही करावं लागत नव्हतं, फक्त हात लावायचा नव्हता. खालचे सगळे टप्पे त्या पहिल्या अर्ध्या तासात हात न लावता कसं थांबायचं, यासाठी आहेत.

टप्प्यांचा क्रम बदलू नका. एकदम एकट्याने सहलीला जाणारे आणि तिसऱ्या तासाला घरी फोन लावणारे मी पुष्कळ पाहिलेत.

## सुरू करण्याआधी: तुम्हाला एकांत हवाय की माणसं?

हे आधी तपासा, कारण दोन्हींचे उपाय उलट आहेत.

दिवसभर कोणी ना कोणी काहीतरी मागतंय, विचारतंय, आणि स्वतःचा विचार पुरा करायला सलग दहा मिनिटं मिळत नाहीत, असं असेल तर तुम्हाला एकांत हवाय. पुढे वाचा.

मनातलं बोलावंसं वाटतंय आणि बोलायला माणूस नाही, असं असेल तर तो एकटेपणा आहे. त्यावर आणखी एकटं बसणं हे औषध नाही. भजनी मंडळ, सकाळी फिरायला जाणारा घोळका, ज्येष्ठ नागरिक संघ, जुन्या मैत्रिणीला ठरवून केलेला फोन, यांतलं काहीतरी आधी सुरू करा. माणसांची भूक भागली की मग एकांत गोड लागतो. उपाशीपोटी कोणी उपास धरत नाही.

सावधान: दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप किंवा भूक गेली असेल, कशातच रस वाटत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि एकटे राहू नका. डॉक्टरांना भेटा. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते, मराठीतही बोलता येतं. घरात नुकतंच कोणी गेलं असेल तरीही हे आत्ता करायला घेऊ नका.

## टप्पा १: घरात आधी सांगून ठेवा

हा टप्पा सगळे गाळतात आणि म्हणून पुढचं सगळं फसतं.

आपल्याकडे दार लोटून घेणं म्हणजे रुसणं. मी पहिल्यांदा आतल्या खोलीचं दार लोटून बसले तेव्हा दहा मिनिटांत सासूबाई पेरूच्या फोडी घेऊन आल्या. बशीच्या कडेला तिखटमीठही होतं. आत आल्या नाहीत, उंबऱ्याशीच थांबल्या. “अगं, काय झालं? कोणी बोललं का काही?” मी म्हटलं, “काही नाही हो आई.” त्या “काही नाही”ने त्यांची काळजी आणखी वाढली. रात्री नवऱ्यानेही आवाज खाली आणून तेच विचारलं. दोघांचंही काही चुकलं नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं, तर त्यांनी काय समजायचं?

सांगताना तीन गोष्टी सांगा: कुठे, किती वाजेपर्यंत, आणि त्यानंतर काय. “मी साडेपाच ते सव्वासहा गच्चीवर बसणार आहे. सव्वासहाला खाली येऊन चहा टाकते.” एवढंच. यात परत यायची वेळ सगळ्यांत महत्त्वाची. ती कळली की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो.

असं सांगू नका:

- “मला जरा एकटीला सोडा.” ही तक्रार झाली. ऐकणारा आपलं काय चुकलं ते शोधत बसतो.
- “मी थोडा वेळ बसू का?” परवानगी मागितली की “आधी तेवढं हे करून घे” येणारच.
- भांडणानंतर काहीही. पहिला एकांत भांडणाच्या दिवशी घेतलात तर घरात कायमचा अर्थ लागतो की ही एकटी बसली म्हणजे बिनसलंय.

पहिले चार-पाच वेळा दिलेल्या वेळेला बरोबर परत या. छान वाटत असलं तरी उठा. एकदा विश्वास बसला की पुढे अर्धा तास इकडेतिकडे झाला तरी कोणी शोधत येत नाही.

आता कामाचं. त्या वेळेतलं काम कोणाच्या तरी नावावर करून जा. “लक्ष ठेवा जरा” असं हवेत म्हणून उपयोग नाही. कुकरच्या शिट्ट्या कोण मोजणार, बेल वाजली तर दार कोण उघडणार, धाकट्याला क्लासहून कोण आणणार, हे नाव घेऊन ठरवा. नाही तर तुम्ही गच्चीवर आणि कान स्वयंपाकघरात. आणि पुरुषांना इथे कळकळीने सांगते: तुमचा रविवार सकाळचा एकांत जर बायकोच्या दुप्पट कामावर उभा असेल तर तो टिकणार नाही. तुम्हाला जेवढा वेळ हवा तेवढाच तिलाही द्या, त्याच आठवड्यात.

लक्षात ठेवा: सगळं आवरून झाल्यावर रात्री अकरानंतरचा वेळ यासाठी घेऊ नका. तेव्हा शरीराला झोप हवी असते. डोळे मिटत असताना बसलात तर हाती पेंग येते आणि हे कंटाळवाणं आहे असा गैरसमज होतो.

## टप्पा २: जागा ठरवा, आणि तीच ठेवा

“आमच्याकडे वेगळी खोलीच नाही” ही अडचण खरी आहे. वन रूम किचनमध्ये पाच माणसं राहत असतील तर एकांतासाठी बाहेरच पडावं लागतं. जागा शोधताना एकच कसोटी लावा: माणसं असली तरी चालतील, ओळखीची नसावीत. ओळखीचं माणूस दिसलं की बोलावं लागतं, अनोळखी गर्दीत मात्र बिनघोर बसता येतं.

चालतील अशा जागा: इमारतीची गच्ची, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान देवळाचा सभामंडप, सार्वजनिक वाचनालयाचा वाचन कक्ष, सकाळी सातच्या आधीची बाग, पुण्यात असाल तर वेताळ टेकडी किंवा तळजाई, मुंबईत बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान (सोमवारी बंद असतं). घरातच करायचं असेल तर बाल्कनीत एक स्टूल ठेवा आणि ते त्याच कामाचं ठेवा.

न चालणारी जागा म्हणजे पलंग. पलंगावर माणूस आडवा होतो आणि आडवा झाला की हात मोबाइलकडे जातो.

जागा दर वेळी बदलू नका. नव्या जागेत अर्धा वेळ इकडेतिकडे बघण्यात जातो. एकाच जागी आठ-दहा वेळा बसलं की तिथे टेकताक्षणी मन अर्धं शांत झालेलं असतं.

## टप्पा ३: मोबाइल दुसऱ्या खोलीत

सायलेंट करून खिशात ठेवणं पुरत नाही. पालथा घालून शेजारी ठेवणंही नाही. तो दिसेनासा आणि हाताला लागेनासा व्हायला हवा.

बहाणे ठरलेले असतात. “वेळ बघायला लागतो” म्हणाल, तर गजराचं साधं घड्याळ घ्या आणि गजर लावून ते पाठीमागे ठेवा, समोर नको. “गाणी लावायला लागतो” म्हणाल, तर निदान पहिले दोन आठवडे गाणीही नकोत. कानात आवाज असला की तुम्ही एकटे नसताच. “काही अडचण आली तर?” हा प्रश्न मात्र रास्त आहे. घरात आजारी माणूस असेल, मूल बाहेर असेल, तर फक्त दोन-तीन नंबरांची रिंग वाजेल अशी सोय जवळपास सगळ्या फोनमध्ये असते. ती करा, रिंग मोठी ठेवा आणि फोन पलीकडच्या खोलीत ठेवा. वाजलाच तर ऐकू येईल.

फोटोही नको. गच्चीवरून दिसलेला सूर्यास्त कोणाला तरी पाठवायचा विचार आला त्या क्षणी ते कोणी तरी तुमच्या शेजारी येऊन बसलेलं असतं.

मोबाइल गेल्यावर हात रिकामे पडतात आणि ते किती जड जातं याची आधीच कल्पना असू द्या. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात टिमोथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातल्या एकात माणसांना १५ मिनिटं रिकाम्या खोलीत नुसतं बसायचं होतं. जवळ एक बटण होतं, दाबलं की विजेचा सौम्य झटका बसे. हा झटका टाळण्यासाठी आपण पैसे मोजू, असं याच माणसांनी आधी सांगितलं होतं. तरी १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी त्या १५ मिनिटांत निदान एकदा बटण दाबलं. तेव्हा पहिल्या दिवशी तुम्हाला चुळबूळ झाली तर स्वतःला नावं ठेवू नका. मन असंच वागतं, म्हणून तर तयारी करायची.

## टप्पा ४: पंधरा मिनिटं, सात दिवस

रोज, त्याच वेळी, त्याच जागी, पंधराच मिनिटं. जास्त नाही.

बसायच्या आधी: पाणी पिऊन घ्या, लघवीला जाऊन या, पंखा हवा तेवढा करा. उठायची कारणं आधीच संपवायची. जवळ एक कागद आणि पेन्सिल ठेवा.

हातांना काम द्या. नुसतं बसणं पहिल्या आठवड्यात फार थोड्यांना जमतं. हाताला सवयीचं आणि डोक्याला मोकळीक देणारं काम निवडा. माझं आवडतं काम म्हणजे डाळिंब्या सोलणं. मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालायचे, एकेक दाणा अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच दाबायचा. साल बोटात राहते, डाळिंबी सटकन वाटीत पडते. पहिली ओंजळभर होईपर्यंत डोक्यात सिलिंडर, फी, शेजारणीचं बोलणं. मग कधीतरी लक्षात येतं की वाटी अर्धी भरली आणि गेली काही मिनिटं आपण फक्त वाल बघत होतो, पाण्यावर तरंगणारी सालं, मोडाचं वाकडं टोक. लसूण सोलणं, विणकाम, झाडांची पिकली पानं काढणं, सायकल पुसणं, यांतलं काहीही चालेल. एकच अट: त्या कामाची कोणी वाट बघत नसावं. रात्रीच्या भाजीसाठी घाईने सोललेले वाल हा स्वयंपाक झाला.

काय होईल ते आधीच सांगते. पहिली दोन-तीन मिनिटं बरी जातात. मग कामांची यादी सुरू होते. प्रत्येक कामासाठी कागदावर एकच शब्द लिहा, “फी”, “गॅस”, “मामा”, आणि परत हातातल्या कामाकडे वळा. तो शब्द लिहिला की मन ते काम सोडून देतं, कारण विसरण्याची भीती गेलेली असते. यादी संपली की जुन्या बोचऱ्या आठवणी येतात. कोणी काय बोललं, आपण काय बोलायला हवं होतं. इथे लोक घाबरून उठतात. उठू नका. आठवणीला उत्तर देऊ नका आणि ढकलूही नका. ती आली तशी जाते, मात्र तिच्याशी वाद घालायला बसलात तर पंधरा मिनिटं तिथेच संपतात.

सावधान: एखादी आठवण अशी असेल की छाती धडधडते, श्वास अडकतो, तर मात्र उठा, माणसांत जा. हे रोजच व्हायला लागलं तर ते समुपदेशकाजवळ बोला, एकट्याने झुंजत बसू नका.

आता अपेक्षेबद्दल, कारण इथे बहुतेकांचा हिरमोड होतो. पंधरा मिनिटांनी आनंदाने भरून येईल असं समजू नका. रिचर्ड रायन, एडवर्ड डेसी आणि त्यांच्या सहकारी थुई-वी न्गुयेन यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं ते असं: पंधरा मिनिटं एकटं बसल्यावर तीव्र भावना खाली येतात. राग आणि घालमेल उतरते, तसा उत्साहाचा भरही उतरतो. निवांतपणा वाढतो, आणि थोडं उदासवाणंही वाटू शकतं. म्हणजे चांगल्या बातमीच्या उल्हासात एकटं बसलात तर तो ओसरेल, आणि भांडून आल्यावर बसलात तर राग ओसरेल. आनंद वाटायचा असेल तर माणसांत जा. उकळी खाली आणायची असेल तर एकटे बसा.

सात दिवसांनी तपासा:

- गजर होण्याआधी किती वेळा घड्याळ बघावंसं वाटलं? पहिल्या दिवसापेक्षा कमी असेल तर पुढे जा.
- कागदावरचे शब्द कमी झाले का? निदान तेच ते शब्द पुन्हा येणं थांबलं का?
- परत आल्यावर घरच्यांशी बोलताना आवाज चढला का? चढत असेल तर तुम्ही वेळ चुकीची निवडली आहे. भुकेची वेळ किंवा मुलांची परत यायची वेळ असेल, ती बदला.

एखाद-दुसरा दिवस चुकला तर बिघडत नाही. चार दिवस चुकले तर पहिल्यापासून.

## टप्पा ५: पाऊण तास, मग दोन तास

दुसऱ्या आठवड्यापासून एक दिवसाआड पाऊण तास. आता अर्ध्या तासाचा उंबरठा ओलांडून पलीकडे काय आहे ते कळायला लागतं. तिथे मन आपणहून एखाद्या विषयाला धरतं. कोणाला अडलेला निर्णय सुचतो, कोणाला वीस वर्षांपूर्वी सोडलेली पेटी आठवते. हा फायदा मागून मिळत नाही. वाट बघितली की येत नाही, डाळिंब्या सोलत राहिलं की येतो.

दोन तास आठवड्यातून एकदाच ठेवा आणि त्यासाठी एकच गोष्ट ठरवा. “जमेल ते करू” म्हणून बसलेले दोन तास हमखास वाया जातात. एक गोष्ट म्हणजे एका वहीत लिहिणं, किंवा एक चित्र, किंवा एक लांब चालणं, किंवा पेटीवर एकच राग. ती आदल्या दिवशी ठरवा आणि लागणारं सामान काढून ठेवा. वही कुठे आहे ते शोधायला कपाट उघडलं की कपाट आवरणं सुरू होतं.

कपाट आवरणं ही इथली सगळ्यांत मोठी चूक. घर रिकामं मिळालं की आपले हात आपोआप माळ्याकडे जातात. तुम्हाला त्यात खरंच सुख वाटत असेल तर करा. पण संध्याकाळी “कोणी मदत केली नाही” असं मनात आलं तर समजा की तो एकांत नव्हता, काम होतं.

याच्या उलट चूक म्हणजे दोन तासांत स्वतःला सुधारायला निघणं. सकाळी पाचला उठणं, इंग्रजी सुधारणं, वजन कमी करणं, सगळं त्याच वेळेत कोंबू नका. तपासायला येणारे मास्तर डोक्यात बसले की तुम्ही एकटे राहत नाही.

## टप्पा ६: बाहेर एकट्याने जेवण

हे अनेकांना घरातल्या एकांतापेक्षा अवघड जातं, विशेषतः चाळिशीच्या पुढच्या बायकांना. नवऱ्याशिवाय, मुलांशिवाय हॉटेलात शिरायचं म्हणजे सगळे आपल्याकडेच बघणार असं वाटतं. रेबेका रॅटनर आणि रेबेका हॅमिल्टन या दोन संशोधकांनी २०१५ साली नेमकं हेच तपासलं. मजेच्या गोष्टी एकट्याने केल्या तर कमी आनंद मिळेल असा लोकांचा अंदाज होता. चित्रांच्या दालनात त्यांना एकेकटं आणि जोडीनं पाठवून पाहिलं, तर आनंदात फारसा फरक पडला नाही. अंदाज चुकीचा निघाला, आणि त्या अंदाजापायीच माणसं जात नाहीत.

असं करा:

१. जागा निवडताना ताट देणारी साधी खानावळ किंवा उडुपी हॉटेल घ्या. तिथे रोज एकट्याने जेवणारे असतात. मेणबत्ती लावणारं हॉटेल पहिल्या वेळी नको.

२. वेळ दुपारी बाराच्या आत किंवा अडीचनंतरची. गर्दीत एकट्याला टेबल अडवल्यासारखं वाटतं आणि घास घाईने जातो.

३. भिंतीकडे पाठ करून बसा. समोर दार किंवा भटारखान्याची खिडकी दिसू दे. बघायला काहीतरी हवं.

४. “एकटेच? कोणी येणार आहे का?” असं विचारलं जाईल. उत्तर एवढंच: “एकच ताट.” कारण सांगू नका. “मिस्टर कामात आहेत” असं म्हणालात की तुम्ही स्वतःच ते लाजिरवाणं करून टाकता.

५. मोबाइल पिशवीत. ताट येईपर्यंतची सात-आठ मिनिटं अवघड असतात. पाण्याचा पेला हातात धरा, भिंतीवरचा दरफलक वाचा, लोक काय मागवतायत ते ऐका. ताट आलं की डाव्या बाजूच्या लिंबा-चटणीपासून सुरुवात करून सगळी चव एकदा घ्या, मग जेवा. मी पहिल्यांदा असं जेवले तेव्हा कळलं की बाहेर जेवताना इतकी वर्षं माझं लक्ष मुलाच्या ताटात असायचं. ताकात जिरं भाजून घातलं होतं, हे मला आठवतंय.

तपासून पाहा: बिल दिल्यावर लगेच पळालात, की उठायच्या आधी बडीशेप चघळत दोन मिनिटं बसलात? बसलात तर हा टप्पा झाला. पळालात तर पुढच्या आठवड्यात त्याच जागी पुन्हा.

## टप्पा ७: अर्धा दिवस

दोन तास आणि बाहेरचं जेवण, दोन्ही सहज झालं की मगच.

ठिकाण असं निवडा की जाणं-येणं सोपं, बघायला एकच गोष्ट आणि चालायला थोडं. पुण्याकडच्यांसाठी माझं पहिलं नाव भाजे लेणी. लोणावळा लोकलने लोणावळ्याच्या आधीचं स्टेशन मळवली, तिथून चालत जाता येतं आणि मग पायऱ्या. स्टेशनच्या दुसऱ्या अंगाला असलेलं कार्लं चैत्यगृहासाठी जरूर बघा, पण एकांतासाठी नको, कारण एकवीरा आईच्या दर्शनाची गर्दी त्याच वाटेने चढते. भाज्यालाही पावसाळ्यातले शनिवार-रविवार टाळा, धबधब्यासाठी झुंबड असते. हिवाळ्यातला मधल्या वाराचा दिवस उत्तम. दुपारी या मार्गावर लोकल तुरळक असतात, त्यामुळे परतीची गाडी घरूनच बघून निघा. मुंबईकरांनी बोरिवलीच्या उद्यानातली कान्हेरी लेणी घ्यावीत, सकाळी लवकर.

पोचल्यावर सगळी लेणी “उरकू” नका. एका जागी अर्धा तास बसा. फलक वाचून झाला, दोन फेऱ्या झाल्या, कंटाळा आला, आता निघावं असं वाटलं, की तिथून पुढे वीस मिनिटं. उन्हाची तिरीप खांबावरून सरकताना दिसायला तेवढा वेळ लागतोच.

सावधान:

- कुठे जाताय आणि किती वाजता परत येणार, हे एका माणसाला नक्की सांगून जा. ठिकाण समाजमाध्यमांवर मात्र घरी आल्याशिवाय टाकू नका.
- अंधारापूर्वी परत. पाणी, थोडं खाणं आणि चार्ज केलेला फोन पिशवीत असू द्या. अडचणीत ११२.
- एकट्याने किल्ला, कडा, धरणाचं पाणी, समुद्रात पोहणं नको. पाय मुरगळला तर हाक ऐकायला कोणीतरी हवं.
- जागा ओस वाटली, कोणी मागे येतंय असं वाटलं, तर विचार करत थांबू नका, माणसांकडे चालायला लागा. एक फेरी फुकट गेली तरी चालेल.

## टप्पा ८: रिकाम्या घरातली रात्र

घरचे गावाला गेले, मुलगा पुण्याला शिकायला गेला, मुलगी लग्नानंतर न्यू जर्सीला, अशा रात्री आपण मागत नाही, त्या येतात. त्यांची तयारी वेगळी. इथे संध्याकाळी सात ते नऊ ही अवघड वेळ. परदेशात थंडीत चार-पाचलाच अंधार पडतो, तिथल्यांची ही वेळ आणखी आधी सुरू होते.

दिवेलागणीला घरातले दोन दिवे जास्त लावा. टीव्ही सोबतीला लावून ठेवू नका, बघायचा असेल तर ठरवून एक कार्यक्रम बघा आणि बंद करा. जेवणाची वेळ रोजचीच ठेवा.

आणि स्वयंपाक करा. “एकट्यासाठी काय करायचं” म्हणून ओट्याशी उभं राहून चिवडा आणि चहा, ही या टप्प्यावरची सगळ्यांत वाईट चूक आहे. दुसऱ्यासाठी आपण तूप वाढतो, आणि स्वतःसाठी ताटसुद्धा काढत नाही. लहान कुकर घ्या. अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मूगडाळ, तुपात जिरं-हिंग, हळद, मीठ, तीन वाट्या पाणी, चार शिट्ट्या. पापड भाजा. ताट, वाटी, पेला मांडून खाली किंवा टेबलाशी बसून जेवा. जेवल्यावर ओटा पुसा, उद्या सकाळी तो तुम्हालाच दिसणार आहे.

झोपण्याआधी दार, गॅस, खिडक्या एकदाच तपासा. पुन्हा पुन्हा उठावंसं वाटत असेल तर तपासताना मोठ्याने म्हणा, “गॅस बंद.” ऐकलेलं लक्षात राहतं.

## थेट दहा दिवसांच्या मौनाला जाऊ नका

इगतपुरीच्या धम्मगिरीला विपश्यनेसाठी जायचा विचार पुष्कळांच्या मनात असतो. जरूर जा, पण पहिली पायरी म्हणून नाही. दहा दिवसांचं शिबिर, पहाटे चारची घंटा, दिवसाचे सुमारे दहा तास ध्यान, जवळजवळ सगळे दिवस मौन, फोन जमा. शुल्क नसतं म्हणून सहज नाव नोंदवलं जातं, आणि ज्याने घरी पंधरा मिनिटंही काढलेली नाहीत त्याला तिसरा दिवस फार जड जातो. आधी वरचे टप्पे दोन-तीन महिने करा. मानसिक आजाराचे उपचार चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अर्जही भरू नका.

## परत येताना

याकडे कोणी लक्ष देत नाही. गजर झाला की एकदम मोबाइलवर झडप घालू नका. निवळलेलं पाणी पहिल्याच मिनिटात ढवळलं जातं. आधी माणसांकडे जा. चहा टाका, मुलाच्या पाठीवर हात ठेवा, कागदावरच्या शब्दांपैकी एक काम करून टाका. फोन दहा मिनिटांनी. एवढ्या वेळात क्वचितच काही राहून जातं.

“काय केलंस एवढा वेळ?” असं घरचे विचारतील. “डाळिंब्या सोलल्या” हे उत्तर पुरेसं आहे.

आणि उठल्याबरोबर पुढची वेळ ठरवून टाका. डोक्यात ठेवू नका. आमच्याकडे स्वयंपाकघराच्या दाराआड कालनिर्णय असतं, त्याच्या चौकोनांत दुधाचा हिशेब लिहिलेला असतो. त्याच चौकोनात मी खाली बारीक अक्षरात लिहिते: ५.३० ते ६.१५, गच्ची. आता सासूबाईच सव्वापाचला आठवण करून देतात.